निंबाजीचं पोट

"आज काय खाल्लंस?"

"पेज."

"काल?"

"पेजच की, बुवा."

"आणि पेजेबरोबर?"

निंबाजीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला काय ऐकायला बरं वाटेल याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "ताक."

त्याची नाडी सोडून द्यावी आणि मानगूट धरावी असं मला वाटलं. माझ्या औषधाने बरा होऊन तो कामावर गेला होता, आणि पंधरवडा उलटायच्या आत पुन्हा माझ्या ओसरीवर पोट धरून बसला होता. ही काही पहिली खेप नव्हती. छातीत जळजळ, पोटात कळ, कधी दिवसभर जुलाब तर कधी काहीच नाही, आणि अन्न पुढे आलं की ओकारी. माणूस मुळात आडदांड. आता खांद्याची हाडं कांबळ्यातूनही दिसत होती.

मी कुड्याच्या सालीचा काढा त्याच्या हातात दिला. हा काढा इतका कडू की एकदा जहागीरदारांच्या दिवाणजींनी तो माझ्या देखत तुळशीत ओतला होता. निंबाजीने भांडं तोंडाला लावलं आणि पाणी प्यावं तसा पिऊन टाकला. कपाळाला आठीसुद्धा नाही. निदान औषध घेण्यात तरी हा माणूस सरळ आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

मी तेव्हा तरणा होतो. कोळेगावला कृष्णेवर जहागीरदारांच्या मातोश्रींनी घाट बांधायला काढला होता. दिवाळी झाली, नदीचं पाणी उतरलं आणि पाथरवट, बेलदार, कामाठी अशी पुष्कळ माणसं नदीकाठी झोपड्या घालून राहिली. माणसं आजारी पडू लागली तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं आणि धर्मशाळेत जागा दिली. ताप, विंचू, दगडाखाली चेंगरलेली बोटं, असलं सगळं माझ्याकडे यायचं आणि बहुतेक बरं होऊन जायचं. निंबाजी तेवढा जात नव्हता.

तो चुन्याच्या घाणीवर होता. घाणी म्हणजे जमिनीत गोल दगडी चर, त्यात बैलांनी ओढायचं एक मोठं दगडी चाक. चरात भाजलेला चुना, वाळू, हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायचा आणि लोण्यासारखा होईपर्यंत मळायचा. गूळ आणि हिरड्याने चुना धरतो. गूळ नसेल किंवा कमी असेल, तर भिंत वरून दिसायला चांगली आणि आतून भुगा. हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्याआधी चुना म्हणजे विड्याला लावायचा, इतकीच माझी ओळख.

विड्यावरूनच मी आधी संशय घेतला होता. तंबाखू खातोस का, विचारलं. नाही म्हणाला. दात पाहिले, तर खरंच स्वच्छ होते. मग मी त्याच्या बायकोला बोलावलं. म्हाळसा तिचं नाव. तू याला चोरून भाकरी देतेस, तिखटाचा गोळा देतेस, असा मी तिच्यावर आरोप ठेवला. ती खाली मान घालून ऐकेल असं मला वाटलं होतं. तिने मलाच विचारलं, की भाकरी गिळता आली असती तर तो तुमच्याकडे कशाला आला असता? मी काढ्यात सुंठ वाढवली.

मध्ये एकदा तिने देवऋषी आणला. त्याने निंबाजीच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि कोंबडं घेऊन गेला. वरून, वैद्याचं औषध बंद कर, असं सांगून गेला. आठवडाभर निंबाजी माझ्याकडे फिरकला नाही. आला तेव्हा त्याला चालवत नव्हतं, दोन माणसांनी बखोट्याला धरून आणलं. मी त्याला धर्मशाळेत ठेवून घेतलं आणि नुसत्या ताकावर ठेवलं. स्वतः डोळ्यांत तेल घालून बसलो. तो बघता बघता सुधारला. जळजळ थांबली, पोट बांधलं गेलं, गालावर मांस दिसू लागलं. मी खूश झालो. मग घाणीवर बैल हाकायला माणूस नाही म्हणून मुकादमाचे निरोपांवर निरोप आले, निंबाजीलाही कामाची घाई झाली, आणि मी त्याला सोडलं. त्याचंच फळ आता माझ्यासमोर पेज पेज करत बसलं होतं.

मी उठलो आणि तडक मुकादमाकडे गेलो.

हैबती मुकादम भारी मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. साऱ्या कामावर त्याची जरब होती. मला वाटलं होतं की हाच त्याला राबवून राबवून मारतोय. मी त्याला तसं स्पष्टच म्हटलं. हैबतीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेलं.

"बुवा, तुम्ही ब्राह्मण माणूस, म्हणून आजवर बोललो नाही. तो गूळ चोरतो. घाणीतला. चुन्यासकट खातो."

"चुन्यासकट?"

"बोटाने गोळा काढतो आणि तोंडात टाकतो. कुणी बघत नाही असं वाटतं त्याला. एकदा पकडून दोन दिल्यासुद्धा. पुन्हा आहेच. आता तुम्हीच सांगा, असल्या हावरटाला मी काय करू?"

माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी बेलफळं फोडतोय, साली उकळतोय, रात्र रात्र ग्रंथ उलटतोय, आणि हा गृहस्थ गुळासाठी चुना खातोय! पोटातल्या चुन्यावर आंबट हा उतारा, म्हणूनच ताकावर तो सुधारत होता. मी रोग ओळखण्यात चुकलो नव्हतो. रोगी खोटारडा होता.

दोन दिवसांनी उन्हं चांगली तापल्यावर मी घाणीकडे गेलो आणि गुळाच्या ढेपांआड उभा राहिलो. बैल फिरत होते. निंबाजी त्यांच्यामागून चालत होता, एका हाताने पोट धरून. एका जागी वाकला, चाकामागून ओला गोळा बोटावर घेतला आणि तोंडात टाकला. जिभेवर थोडा घोळवला. मग गिळला.

मी पुढे झालो आणि त्याचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर त्याला तोंड उघडायला लावलं. जिभेवर करडा चुना होता. मग मला आवरलं नाही. मी त्याला चोर म्हणालो, हावरट म्हणालो, खोटा म्हणालो, तुझ्यासारख्यांवर औषध वाया घालवणाऱ्या वैद्यालाच लोकांनी हसावं, असंही म्हणालो. कामाठी टोपल्या खाली ठेवून ऐकत होते. चोर म्हटलेलं निंबाजीला चालत होतं, असंच दिसलं. मी हात सोडताच तो बैलांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी म्हाळसा त्याला घेऊन आली. सकाळी त्याला उलटी झाली होती आणि उलटीत रक्त होतं. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. चेहरा राखेसारखा झाला होता.

मी सांगितलं की माझ्याकडे याच्यासाठी औषध नाही. घाणीतला गूळ खायचा असेल तर खुशाल खा आणि मर. मला दुसरे रोगी आहेत.

म्हाळसा त्याच्याकडे बघून म्हणाली, "सांग की आता. कुनासाठी तोंड मिटून बसलायस?"

तो खांब सोडून सरळ बसला. मग म्हणाला, "गुळासाठी न्हाई खात, बुवा."

"मग कशासाठी?"

"गूळ हाय का, ते बघाया."

मला आधी काही समजलंच नाही. मग त्याने हळूहळू सांगितलं. मध्ये थांबत होता, पोट दाबत होता. इथे येण्याआधी तो आणि त्याचा धाकटा भाऊ बिरू वरच्या खोऱ्यात एका तळ्याच्या भिंतीवर होते. निंबाजी तिथेही घाणीवरच होता. बिरू भिंतीवर दगड पोचवायचा. तिथल्या मुकादमाने चांगला गूळ परस्पर विकला आणि घाणीत जवळजवळ नुसता चुना आणि वाळू मळली. भिंत झाली, देखणी झाली, पूजासुद्धा झाली. तळं भरत आलं आणि भिंत मधोमध बसली. बिरू तेव्हा पायथ्याशी होता. दगड उचलले तेव्हा निंबाजीने सांध्यातला चुना हातात घेतला, तर तो पिठासारखा बोटांतून गळला.

"घानी माजी होती, बुवा," तो म्हणाला. "बैल माजं होतं. म्या मळलेला चुना हुता त्यो."

तेव्हापासून, मधल्या इतर कामांवरही, तो चुन्याचा प्रत्येक घाणा चाखून बघत होता. गोड लागला तर ठीक.

माझा राग उतरायला हवा होता. तो उतरला नाही, फक्त त्याचं तोंड फिरलं. "अरे, मग चाखून थुंकायचं! गिळतोस कशाला?"

"थुकलं तर मुकादमाला कळंल, की म्या त्याचा चुना पारखतोय म्हनून. त्यो मला ठेवील व्हय कामावर? चोर म्हनला तर दोन रट्टे देतो आन् सोडतो."

"आणि आजवर गूळ कधी कमी लागला का?"

"न्हाई. इथं रोज गोडच लागतो."

"मग झालं तर! थांब आता."

"रोज बघाया पायजे, बुवा. ज्या दिशी बघनार न्हाई त्याच दिशी गूळ नसंल."

अशा माणसाशी काय वाद घालावा? मी त्याला जीभ दाखवायला सांगितली. आदल्या दिवशी रागाच्या भरात मी तिच्यावरचा चुना तेवढा पाहिला होता. आता उजेडात नीट पाहिली. निरोग्या जिभेवर बारीक काटे असतात, खरबरीत असते ती. त्याची जीभ पांढरट आणि गुळगुळीत होती, भाजलेली कातडी बरी होताना दिसते तशी. मी तिला बोट लावलं, तरी त्याला समजलं नाही.

मग मला तो कडू काढा आठवला.

मी आत गेलो. एका वाटीत पाण्यात गूळ कालवला, दुसरीत भरपूर मीठ. दोन्ही वाट्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि यातली गोड कोणती, ते सांग, म्हटलं. त्याने पहिली प्यायली, दुसरी प्यायली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान वळवली. त्याने दोन्ही वाट्या पुन्हा ओठांना लावल्या, घोट तोंडात धरून ठेवला, डोळे मिटले. मग मिठाची वाटी पुढे सरकवली.

"ही."

म्हाळसाने ती वाटी उचलली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि ती खाली ठेवली. निंबाजीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आता अंदाज घ्यायला काही उरलं नव्हतं.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. जीभ एका दिवसात अशी होत नाही, एवढंच मी सांगू शकलो. कदाचित घाटाचं काम सुरू होण्याच्याही आधीपासून.

"मंग रोज गोड लागायचं ते?"

तो खांबाला धरून उठला.

मी त्याला अडवायचा प्रयत्न केला. तुझ्या पोटात जखम आहे, चाललास तर रक्त जाईल, बस, असं दरडावलं. पण निंबाजीने माझं कधी ऐकलं होतं, की त्या दिवशी ऐकणार? म्हाळसाच्या खांद्यावर हात टाकून तो नदीकडे निघाला. मी चरफडत मागून गेलो. पायांत वहाणा घालायच्या राहिल्या आणि तापलेल्या वाळूने माझे तळवे पोळले, तेही मी मनातल्या मनात त्याच्याच खात्यावर टाकलं.

चिंतोपंत कारभारी बाईंच्या वतीने काम पाहायचे. ते मांडवात बसले होते आणि हैबती त्यांच्यासमोर उभा होता. निंबाजीने जमिनीला हात लावून मुजरा केला आणि सरळ सांगून टाकलं, की घाटाच्या खालच्या पायऱ्या उकलून बघा. त्यातला चुना कच्चा असंल. म्या पारखला हुता, पन माजी जीभ मेलेली हाय.

हैबतीचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. त्याने स्वतःला कष्टाने आवरलं. "पंत, हा आजारी आहे. ताप डोक्यात गेलाय. रोज चुना खातो, सगळ्यांनी पाहिलंय. याच्या बोलण्यावर बाईंचा घाट उकलायचा?"

चिंतोपंतांना ते पटलं असावं. त्यांना उन्हातून लवकर वाड्यावर जायचं होतं. ते माझ्याकडे वळले. "वैद्यबुवा, तुमचा रोगी आहे. याचं डोकं ठिकाणावर आहे का?"

नाही, असं एकदा म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. हैबती माझ्याकडे तेवढ्याच आशेने पाहत होता. निंबाजीला मी पुन्हा ताकावर ठेवला असता, हाकलला असता, काय वाटेल ते केलं असतं. या माणसाने मला इतका छळला होता, की त्याच्या बाजूने बोलायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"पोट बिघडलंय त्याचं," मी म्हणालो. "डोकं ठीक आहे."

पायऱ्या सगळ्या उकलणं शक्य नव्हतं. निंबाजी दाखवेल तिथे सांधे फोडून पाहायचे, असं ठरलं. सगळं काम थांबलं. माणसं दोन्ही बाजूंनी जमली. निंबाजी खालच्या पायऱ्यांवरून एक एक दगड चाचपत गेला आणि पाण्याजवळच्या एका सांध्यावर हात ठेवला. एका पाथरवटाने पहार घातली. पहार खणकन उडाली आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. सांध्यावर नुसता पांढरा ओरखडा.

निंबाजीने दुसरी जागा दाखवली. तिथेही तेच. तिसरी दाखवली. मग तो आणखी खाली गेला, अगदी पहिल्या दिवसांत बसवलेल्या दगडांपर्यंत, आणि पाथरवट जोर लावत नाही असं वाटून त्याने स्वतःच पहार मागितली. ती त्याच्याने उचलेना. हैबती सगळ्यांसमोर खाली उतरला, त्याने पहारीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घाव घातला. कोपऱ्यावरचा दगड फुटला. सांधा तसाच राहिला.

चिंतोपंत हसले, फुटलेला दगड बदलून घ्या म्हणाले आणि निघून गेले. जमलेले लोकही पांगले. निंबाजी त्या सांध्याजवळ बसला आणि नखाने चुना खरवडत राहिला. नख तुटलं, पण चुना निघाला नाही. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा म्हाळसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी वरच्या पायरीवर उभा होतो. इतकं पोट जाळून घेतलं, जीभ घालवली, मला वेड लावलं, आणि इथे गूळ पहिल्या दिवसापासून पुरेपूर पडत होता. त्याला गदागदा हलवावं असं वाटत होतं, आणि दुसरीकडे बघावं असंही.

हैबती पहार टेकून उभा होता. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"मला विचारायचं होतंस, निंबाजी. तुझ्या भावाचं मला ठाऊक नव्हतं. मी तुझ्या डोळ्यांदेखत गूळ टाकून दाखवला असता."

निंबाजीने मान वर केली.

"तितल्या मुकादमानंबी दाखवला हुता," तो म्हणाला. "माती कालवलेला. म्या डोळ्यांनी बघितला हुता."

हैबती पहार खांद्यावर टाकून पायऱ्या चढून गेला. तो त्याला कामावरून काढेल अशी सगळ्यांची खात्री होती, पण त्याने तसं केलं नाही. घाणीवर दुसरा माणूस लावला आणि निंबाजीला बरं वाटलं की दगडाच्या गाड्यांवर यायला सांगितलं.

त्याला बरं वाटायला शिमगा उजाडला. ताक, आवळा आणि वर साजूक तूप, एवढंच औषध. या वेळी त्याने पथ्य पाळलं. मी रोज जेवणाचं विचारायचो आणि तो खरं सांगायचा, कधी कधी मला नको असलेलंसुद्धा. जीभ मात्र पुरती परत आली नाही. तिखट कळायचं, बाकीचं धूसर, असं तो म्हणायचा.

त्यानंतर घाट पुरा होईपर्यंत मी त्याला पुष्कळदा पाहिला. रिकामी गाडी घेऊन परत जाताना घाणीपाशी तो बैल थांबवायचा आणि खाली उतरायचा. चाक फिरत असायचं. चरातला चुना ओला, चकचकीत, अगदी हाताशी. तो काठाशी उभा राहायचा, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, आणि नवा माणूस गूळ टाकून होईपर्यंत बघत राहायचा. मग गाडीवर चढायचा.